एकट्याची होडी आणि बेटावरचा एक दिवस

किनाऱ्यावर उभे राहून समोरच्या बेटाकडे पाहिले की ते नेहमीच आहे त्यापेक्षा जवळ भासते. मध्ये झाड नसते, घर नसते, अंतर मोजायला डोळ्याला आधार सापडावा असे काहीच नसते. एवढेसे पाणी ओलांडून जावे, बेटावरची टेकडी चढावी आणि दिवस मावळायच्या आत परत यावे, असा मोह मग कोणालाही होतो. होडी एकट्याने वल्हवता येण्यासारखी असली, तर हा मोह अधिकच बळावतो. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर हल्ली असे एकांडे प्रवासी दिसतात. त्यांतले बहुतेक सुखरूप परततात. जे परतत नाहीत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत चूक पाण्यावर घडलेली नसते. ती आदल्या दिवशी, घरी, बेत आखताना घडलेली असते. म्हणून एका दिवसाच्या अशा सहलीचा बेत कसा आखावा, हा विषय वाटतो तितका हलका नाही.

ज्या होडीने हा प्रवास करावयाचा, तिला कयाक म्हणतात. ही होडी मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. ग्रीनलंडसारख्या वृक्षहीन प्रदेशात लाकूड मिळे ते समुद्रातून वाहत येणाऱ्या ओंडक्यांचेच. त्याचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत, आणि एका माणसाला बसण्यापुरते भोक ठेवून बाकी सारी होडी वरून बंद करीत. शिकारी त्या भोकात बसला की त्याच्या अंगरख्याची कड होडीच्या काठाला घट्ट बांधली जाई. माणूस आणि होडी यांचे जणू एकच शरीर होई. दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने तो ती चालवी, आणि होडी उलटली तर आत बसूनच वल्ह्याच्या फटक्याने ती पुन्हा सरळ करी. आजच्या कयाकी प्लास्टिकच्या वा काचतंतूंच्या असतात, पण घडण तीच आहे. समुद्रावरची कयाक सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. तिच्या पुढच्या व मागच्या भागांत पडदे घालून बंद कप्पे केलेले असतात. त्यांत सामान राहते, आणि होडीत पाणी शिरले तरी त्या कप्प्यांतील हवा तिला बुडू देत नाही.

एवढ्याशा होडीने किती दूर जाता येते याचे एक उदाहरण भारताच्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ साली डॅन्यूब नदीवरून घडीच्या कयाकीत एकटाच निघाला आणि मजल दरमजल करीत १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या सात वर्षांच्या वाटेत त्याने भारताचा पश्चिम किनाराही वल्हवत पार केला होता. परंतु स्पेकपाशी वर्षे होती. वारा पडला नाही तर तो किनाऱ्यावर थांबून राहू शके. एका दिवसाच्या सहलीला निघालेल्या माणसाला ही सवड नसते. त्याला संध्याकाळी परत यायचेच असते, आणि नेमकी हीच घाई त्याचा घात करण्याची शक्यता असते.

बेताची रीत समजण्यासाठी एक प्रत्यक्ष ठिकाण डोळ्यांसमोर धरणे सोयीचे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर आहे. ‘गोल्डन गेट’ या अरुंद मुखातून तो प्रशांत महासागराला मिळतो. त्या मुखाच्या आत, उत्तरेच्या बाजूला, एंजल आयलंड नावाचे सुमारे ७४० एकरांचे डोंगराळ बेट आहे. समोरच्या टिबुरॉन गावापासून ते अदमासे एक मैल दूर. मधल्या पाण्याला रॅकून सामुद्रधुनी म्हणतात. रॅकून हा तिकडचा एक निशाचर प्राणी; तो बेटावर आहेही. पण सामुद्रधुनीचे नाव त्याच्यावरून पडलेले नसून १८१४ साली तेथे दुरुस्तीसाठी आलेल्या ‘रॅकून’ या इंग्रज युद्धनौकेवरून पडले आहे. बेटाचा माथा, माउंट लिव्हरमोर, ७८८ फूट उंच आहे. एक मैल पाणी आणि आठशे फुटांची चढण: कागदावर पाहता यात भिण्यासारखे काही दिसत नाही.

भिण्यासारखे जे आहे ते मैलात नसून प्रवाहात आहे. भरती-ओहोटीचे गणित कोकणातल्या माणसाला नवे नाही. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते, हा आपल्या कोळ्यांचा आणि तांडेलांचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे मुंबईकडे पाणी भरते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरते, हे या हिशेबामागचे शास्त्र. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाण्याची चढउतार कमी होते. ही मोठी बाब सॅन फ्रान्सिस्कोलाही लागू आहे. उधाणाच्या दिवसांत तेथेही प्रवाह जोर धरतात आणि भांगाच्या दिवसांत मंदावतात. म्हणून एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचा दिवस निवडावा, हा बेतातला पहिला नियम.

परंतु पाऊणपटीचा हिशेब मात्र तेथे चालत नाही. मुंबईच्या दोन भरत्या बऱ्याच अंशी सारख्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या असतात. एकीत पाणी थोडेसेच हलते, तर दुसरीत तेच पाणी धो धो बाहेर पडते. आणखी एक गोष्ट अशी की, काठावरचे पाणी चढायचे थांबले म्हणजे प्रवाहही थांबला असे नाही. मोठ्या उपसागराला एकाच अरुंद दारातून भरावे व रिकामे व्हावे लागते. त्यामुळे काठावर भरती पूर्ण झालेली दिसत असतानाही मुखाजवळचे पाणी पुढे काही काळ आत धावतच असते. उंचीचा विचार केला तर मुंबईची भरती कितीतरी मोठी. उधाणाला ती साडेचार मीटरांच्या वर जाते. सॅन फ्रान्सिस्कोत दिवसातल्या सर्वांत चढत्या आणि सर्वांत उतरत्या पाण्यातला सरासरी फरक पावणेदोन मीटरांच्या सुमारास आहे. तरीही तेथला प्रवाह अधिक धोक्याचा ठरतो, कारण दार अरुंद आहे. म्हणून प्रवाशाने भरतीच्या कोष्टकावर विसंबून न राहता प्रवाहाचे स्वतंत्र कोष्टक पाहावे. अशी कोष्टके सरकारी खात्याकडून प्रसिद्ध होतात. त्यांच्यामागे दीर्घ मोजणी असते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीची नोंद १८७८ पासूनची आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोची १८५४ पासून अखंड चालू आहे.

प्रवाह आडवा कसा कापावा, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. सामान्य ताकदीचा माणूस कयाक ताशी तीन मैलांच्या वेगाने वल्हवतो. पाणी स्तब्ध असेल तर एक मैल रुंदीची सामुद्रधुनी तो वीस मिनिटांत ओलांडील. प्रवाह ताशी दीड मैलाचा असला आणि त्याने नाक सरळ बेटाकडे धरले, तर वीस मिनिटांत तो अर्धा मैल खाली वाहून जाईल. नदी उतरविणारा नावाडी जसा समोरच्या घाटाकडे नाव न नेता वरच्या अंगाला नेतो, तसे कयाकीचे नाक प्रवाहाच्या दिशेविरुद्ध तीस अंशांनी वळवून धरले, तर होडी सरळ रेषेत बेटाला लागते. फक्त वीसऐवजी तेवीस मिनिटे लागतात. मात्र प्रवाहच ताशी तीन मैलांचा झाला, तर नाक कितीही वळवले तरी होडी सरळ पलीकडे जाणे शक्य नाही. रॅकून सामुद्रधुनीत जोराच्या दिवशी प्रवाह ताशी तीन मैलांवर जातो. आणि तो ओहोटीचा असला, तर त्याचा रोख नेमका गोल्डन गेटकडे, म्हणजे उघड्या महासागराकडे असतो. सामुद्रधुनीपासून ते मुख तीनएक मैलांवर आहे. दमलेल्या माणसाला तेथवर वाहून न्यायला एक तास पुरतो.

तेव्हा जायचे ते प्रवाह थबकण्याच्या घटकेला, आणि परतायचे तेही पुढच्या थबकण्याला, हा दुसरा नियम. या दोन घटकांमध्ये साधारणपणे साडेपाच-सहा तासांचे अंतर असते. त्यातला मधला काळ हा बेटावरच्या चालण्याचा. परंतु कोणत्याही दोन घटका चालत नाहीत, कारण मध्येच वारा हिशेबात येतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा आतला मुलूख तापतो, तेथली हवा वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटमधून आत घुसते. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी एक-दोननंतर पांढऱ्या शिखरांनी भरून जाते. वारा पश्चिमेचा, तो प्रवाहाच्या दिशेनेच वाहत असला तर लाटा लांबट व सौम्य राहतात. प्रवाह ओहोटीचा, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणारा असला, तर त्याच वाऱ्यात लाटा आखूड, उभ्या आणि फुटक्या होतात. दुपारचा वारा व दुपारची ओहोटी हा योग एकट्या कयाकवाल्याने टाळलाच पाहिजे. याखेरीज उन्हाळ्यात धुके असते. ते समुद्रावरून भिंतीसारखे आत सरकते, आणि डोळ्यांपुढचे बेट दहा मिनिटांत नाहीसे होते. होकायंत्र आणि जाण्या-येण्याच्या दिशांचे आकडे टिपलेला कागद होडीवर समोरच बांधलेला असावा, तो यासाठी.

तिसरा विचार थंडीचा. समुद्राचे पाणी म्हटले की मुंबई-गोव्याच्या माणसाच्या मनात कोमट पाणी येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्याचे तापमान हिवाळ्यात दहा-अकरा अंश सेल्सिअसवर असते आणि ऐन उन्हाळ्यातही पंधरा-सोळाच्या फार वर जात नाही. अशा पाण्यात अकस्मात पडलेल्या माणसाचा पहिला शत्रू गारठा नसून स्वतःचा श्वास असतो. छाती एकदम आवळते, धापांवर धापा लागतात आणि त्यात नाकातोंडात पाणी जाते. थंड पाण्यावर प्रयोग केलेले कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी याचे एक सुटसुटीत सूत्र लोकांना दिले आहे: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास. अतिथंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास आवरावा. पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात सुटकेचे काम उरकावे. आणि बेशुद्धी यायला सुमारे तासभर लागतो. म्हणजे जीवरक्षक जाकीट घातलेला माणूस लगेच मरत नाही, पण दहा मिनिटांनंतर तो स्वतःसाठी फारसे काही करू शकत नाही. म्हणून कपडे हवेचा विचार करून न घालता पाण्याचा विचार करून घालावेत. ऊन असले तरी अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख हवाच, आणि जाकीट होडीत ठेवण्याची वस्तू नसून अंगावर बांधण्याची वस्तू आहे.

या दहा मिनिटांत काय करायचे, हे आधी शिकलेले असले पाहिजे. उलटलेली कयाक सरळ करून आत शिरण्याची एक रीत अशी आहे: वल्ह्याच्या एका टोकावर हवेची पिशवी चढवून फुगवायची, दुसरे टोक होडीवर आडवे दाबून धरायचे, आणि त्या आडव्या आधारावर भार टाकून पालथे सरकत मागच्या बाजूवर चढायचे. मग उरलेले पाणी हातपंपाने उपसायचे. वाचताना हे सोपे वाटते. थंड, हलत्या पाण्यात ते तसे नाही. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, किनाऱ्याजवळ, हे ज्याने पुनःपुन्हा करून पाहिले नाही, त्याने एकट्याने एक मैलही जाऊ नये. चार जणांच्या ताफ्यात एकाची चूक तिघे सावरतात. एकट्याला प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक कौशल्य स्वतःच्याच अंगावर वागवावे लागते. शिटी, दिवा आणि पाण्यात न बिघडणारा बिनतारी संच ही सारी होडीला न बांधता जाकिटालाच बांधावीत, कारण होडी हातची सुटली तर तिच्याबरोबर तीही जातील. मोठ्या जहाजांची वाट बेटाच्या दक्षिणेकडून आहे. शिवाय सामुद्रधुनीत फेरीबोटी असतात. अरुंद जलमार्गाने जाणाऱ्या जहाजाच्या वाटेत लहान नौकेने येऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जहाजावरच्या माणसाला लाटांमधली कयाक दिसत नाही असे धरूनच चालावे.

आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षिलेले साधन म्हणजे एक चिठ्ठी. होडीचा रंग, निघण्याची जागा, उतरण्याची जागा, परतण्याची वेळ, आणि त्यानंतर किती वाजता तटरक्षक दलाला कळवायचे, हे लिहून ती घरच्या वा ओळखीच्या भरवशाच्या माणसापाशी ठेवावी. परत आल्याबरोबर त्या माणसाला कळवावे. एकट्याने जाणे म्हणजे कोणालाही न सांगता जाणे नव्हे.

आता दिवसाचा आराखडा. समजा, कोष्टकाप्रमाणे सकाळी साडेसातला ओहोटी थबकते आणि दुपारी एकला भरती थबकते, असा भांगाचा दिवस मिळाला. साडेसातला टिबुरॉनहून निघावे. आठच्या सुमारास, उद्यान उघडण्याच्या वेळी, बेटाच्या उत्तरेकडील आयाला खाडीत पोहोचावे. येथे एक बारीक गोष्ट विसरू नये. माणूस चालायला जाईल तेव्हा पाणी चढत असेल. सकाळी कोरड्या वाळूत ठेवलेली होडी बाराला तरंगत नाहीशी झालेली असू शकते. म्हणून भरतीची रेषा दाखविणाऱ्या शेवाळ-काडीकचऱ्याच्या पट्ट्याच्याही वर ती ओढून न्यावी आणि बांधावी. खाणे कप्प्यात नीट बंद करावे. रॅकून त्यावर टपलेले असतात. रबरी पोशाख उतरवून कोरडे कपडे व चालायचे बूट घालावेत, पाण्याची बाटली भरून घ्यावी, आणि साडेआठ-पावणेनऊला चालू लागावे.

बेटावर दोन वाटा आहेत आणि एका दिवसात मनासारखी एकच होते. एक वाट आयाला खाडीपासून पायऱ्यांनी वर चढून माउंट लिव्हरमोरच्या माथ्यावर जाते आणि दुसऱ्या अंगाने उतरते. तिला अडीच-तीन तास लागतात. वरून गोल्डन गेटचा पूल, अल्काट्राझचे बेट, शहर आणि सारा उपसागर दिसतो. ज्या पाण्यातून परतायचे ते पाणीही दिसते. त्यावर पांढरी शिखरे उमटू लागली आहेत का, हे तेथूनच पाहून घ्यावे. विषारी ओक नावाचे एक झुडूप वाटेवर असते. त्याच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात, म्हणून वाट सोडू नये.

दुसरी वाट बेटाला वेढा घालणारी, सुमारे नऊ किलोमीटरांची, सोपी. पण तिच्यावरून चालताना पाय नव्हे, मन जड होते. १७७५ साली स्पॅनिश कप्तान आयाला याने या बेटाला देवदूतांचे नाव दिले. पुढे येथे लष्कर आले, १८९१ साली रोग्यांना अलग ठेवण्याचे केंद्र आले, आणि १९१० ते १९४० या काळात परदेशांतून येणाऱ्यांना अडकवून ठेवून तपासण्याचे ठाणे चालले. अडकलेल्यांत चिनी लोक सर्वांत अधिक होते. त्यांनी भिंतींच्या लाकडावर कोरलेल्या कविता आजही तेथे आहेत. १९७० साली उद्यानाच्या एका रखवालदाराचे लक्ष गेले म्हणून त्या पाडकामातून वाचल्या. याच ठाण्यातून अनेक भारतीयही गेले. पेशावरचे वैष्णोदास बगई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह येथे उतरले. १९२१ साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले; १९२३ च्या न्यायालयीन निकालाने हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरला, तेव्हा ते काढून घेतले गेले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. एक मैल पाणी हौसेने ओलांडून आलेल्या प्रवाशाला येथे जाणवते की, तेच पाणी पलीकडे जाऊ न दिलेल्यांना खिडकीतून आठवडे आठवडे, कधी महिने महिने, पाहत बसावे लागले होते.

साडेअकरा-बाराला खाडीत परत यावे, खावे, कोरडे कपडे कप्प्यात बंद करून पुन्हा पाण्याचा पोशाख चढवावा आणि पाऊण वाजण्याच्या आत होडी पाण्यात घालावी. एक वाजेपर्यंत भरती मंदावत असते. जे थोडे वाहणे होईल ते उपसागराच्या आतल्या बाजूला होईल, मुखाकडे नव्हे. वाराही अजून पुरता उठलेला नसतो. सवाच्या सुमारास टिबुरॉनचा किनारा लागतो. या आराखड्यात एका तासाचीही चालढकल झाली, तर वारा व ओहोटी दोन्ही विरुद्ध पक्षाला जाऊन मिळतात. म्हणून माथा अर्ध्या तासावर राहिला असताही ठरलेली वेळ झाली की मागे फिरावे.

शेवटी उरतो तो न जाण्याचा निर्णय. तो काठावर उभे राहून घ्यायचा नसतो. तेथे होडी तयार असते, सुट्टी खर्ची पडलेली असते आणि बेट जवळ भासत असते. वारा अमुक वेगाच्या वर असेल, धुक्यात पलीकडचा किनारा दिसत नसेल, झोप झालेली नसेल, तर जायचे नाही, या अटी आदल्या रात्रीच कागदावर लिहाव्यात आणि सकाळी त्या कागदाचे निमूटपणे ऐकावे. तशा दिवशी फेरीबोटीनेही बेटावर जाता येते. टेकडी तीच असते आणि भिंतींवरच्या कविताही त्याच असतात. कयाकीसाठी पुढचा भांग पंधरवड्याच्या आत येतोच.